'सीली' : एका हरवलेल्या इंग्रजी शब्दाची हकीकत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभात भाषणाला उभ्या राहणाऱ्या माणसाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा एक रिवाजच पडून गेला आहे. ते महत्त्व आपणांस ठाऊक नसते तर सुट्टीचा दिवस मोडून आपण या मंडपात आलाच नसता. म्हणून तो विषय मी घेत नाही. माझे आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेले. तेव्हा एका इंग्रजी शब्दाविषयी बोलावे, असे मी ठरवले आहे. शब्द लहान आहे, विशेषण आहे, आणि आज इंग्लंडातही तो कोणी वापरत नाही. ज्या शब्दाचे चलन बंद पडले त्याच्यासाठी अर्धा तास कशाला खर्च करायचा, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यांना विनंती की जरा धीर धरावा. या शब्दापायी माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला आहे, आणि तो मला आज चारचौघांत कबूल करायचा आहे.

साल 1979. मी तेव्हा तरुण होतो, नवा होतो, आणि नव्या मास्तराला असतो तेवढा सगळा अहंकार माझ्याजवळ होता. मुंबईत अकरावीच्या वर्गाला शिकवत होतो. मुले बहुतेक कोकणातली. कोणाचा बाप बोटीवर, कोणाचा गोदीत, कोणाचा नुकताच आखातात गेलेला. घरात इंग्रजीचा वारा नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही त्यांच्या कानावर पडावे म्हणून मी एकदा शेक्सपिअरच्या 'हेन्री सहावा' नाटकाच्या तिसऱ्या भागातला एक उतारा फळ्यावर लिहून दिला. प्रसंग असा : टाउटन येथील 1461 ची लढाई चालू आहे. राजा हेन्री रणांगणाच्या कडेला एका मातीच्या उंचवट्यावर एकटाच बसला आहे, कारण त्याच्या राणीने आणि सरदाराने त्याला सांगितले आहे की तुम्ही बाजूला राहिलात तर लढाई जास्त बरी चालते. तिथे बसून तो म्हणतो की मी राजा होण्यापेक्षा साधा मेंढपाळ असतो तर किती सुखी असतो. मेंढपाळ झुडपाच्या सावलीत बसून आपल्या मेंढ्यांकडे पाहतो. ती सावली राजाच्या भरजरी छत्रापेक्षा गोड. त्या मेंढ्यांना शेक्सपिअरने विशेषण लावले आहे 'सिली'.

मी विचारले, "सिली म्हणजे काय?" मुलांना शब्द ओळखीचा होता, क्रिकेटमुळे. सिली पॉइंट, सिली मिड ऑन. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभे राहायचे की पाहणाऱ्याने वेड्यात काढावे. एक हुशार मुलगा म्हणाला, "मूर्ख मेंढ्या, सर." मी शाबासकी दिली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो कधी बोलत नसे. म्हणाला, "सर, इथे 'गरीब बिचारी मेंढरं' असं असेल का?"

मी काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवते. "अरे, मेंढ्या गरीब आणि श्रीमंत कधीपासून झाल्या? त्यांची रेशनकार्डं बघितलीस का?" वर्ग खदखदून हसला. तो खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मी एका ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश चाळत होतो. शोधत होतो दुसराच शब्द. पाने उलटताना हा समोर आला. या कोशाची रीत आपल्या खिशातल्या कोशासारखी नाही. तो शब्दाचा जन्म कधी झाला, कोणत्या शतकात त्याने काय अर्थ घेतला, कोणी कुठे वापरला, हे तारीखवार सांगतो. योजना ठरली 1857 मध्ये, पहिला भाग निघाला 1884 मध्ये, शेवटचा 1928 मध्ये. त्याचे मुख्य संपादक जेम्स मरे यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती, पुढचे सारे शिक्षण स्वतःच्या हिमतीवर केले. आणि पूर्ण झालेला कोश पाहण्याआधी, 1915 मध्ये, ते वारले. (मधल्या सुट्टीनंतर वर्गात परत न जाणाऱ्या मित्रांनी यातला पहिलाच भाग लक्षात ठेवू नये.) त्या पानावर मी उभ्याउभ्या वाचले आणि खुर्ची ओढून बसलो.

आजच्या 'सिली' या शब्दाच्या मागे एक जुना शब्द आहे, 'सीली'. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून मुलांचे गुण कापतो. इथे तर एका वेलांटीवर दोन युगे उभी आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सॅल' म्हणजे वेळ, योग्य वेळ, आणि म्हणून सुदैव. त्यावरून विशेषण झाले 'सॅलिग' : भाग्यवान, सुखी, ज्याच्यावर वरून कृपा आहे असा. या शब्दाचा जर्मन भाऊ 'झेलिख' आजही जिवंत आहे आणि आजही त्याचा अर्थ धन्य, कृपावंत असाच आहे. जर्मन लोक वारलेल्या माणसाच्या नावालाही तो लावतात, जसे आपण 'मरहूम' म्हणतो. 'मरहूम' म्हणजे तरी काय? ज्याच्यावर रहम झाली तो. म्हणजे जर्मनीत हा शब्द इतका मानाचा राहिला, आणि इंग्लंडात त्याच रक्ताच्या शब्दाने आज आपण मुलाला टपली मारतो.

हे झाले कसे? एका रात्रीत झाले नाही. इंग्रजीचा जुना थोर कवी चॉसर हा 1400 साली वारला. त्याच्या काळी हा शब्द बरोबर उतरणीच्या मध्यावर उभा होता. 'ट्रॉयलस आणि क्रिसेडा' या त्याच्या काव्यात नायिका सांसारिक सुखाबद्दल तक्रार करते, की त्यात नेहमी कडूपणा मिसळलेला असतो. तिथे 'सुख' या अर्थी चॉसरने याच शब्दाचे नाम वापरले आहे. म्हणजे मूळ अर्थ शाबूत. पण त्याच कवीच्या 'कँटरबरी कथां'मध्ये एक पिठाच्या गिरणीवाला गोष्ट सांगतो. ती गोष्ट अवखळ आहे, सगळीच्या सगळी इथे सांगण्यासारखी नाही. आपल्या कामापुरती सांगतो. ऑक्सफर्डमध्ये एक म्हातारा सुतार असतो. त्याच्या घरी भाड्याने राहणारा विद्यार्थी ज्योतिषाचा आव आणून त्याला पटवतो की हजरत नूह यांच्या काळातल्या महापुरापेक्षा दुप्पट मोठा पूर येणार आहे. हे ऐकताच सुताराच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो बायकोच्या काळजीचा : ती बुडेल! स्वतःचे नाव नंतर. मग तो बिचारा मोठी लाकडी घमेली छताला टांगतो, त्यात खाणेपिणे भरतो, दमून एकात झोपी जातो, आणि शेवटी दोर तोडून खाली कोसळतो. हात मोडतो. शेजारीपाजारी धावत येतात. तो खरे सांगू लागतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. सारे गाव त्याला वेडा ठरवून हसते.

या सुताराला चॉसर पुन्हा पुन्हा 'सीली' म्हणतो. आता याचे भाषांतर काय करावे? भाग्यवान तर तो नक्कीच नाही. निष्पाप? होय. बापडा? होय. बावळट? तेही. पंडितांनी प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ लावून पाहिला आहे. मला विचाराल तर चॉसरला त्यातला एकच अर्थ निवडायचा नव्हता. वाचणाऱ्याला हसूही यावे आणि हसल्याची थोडी टोचणीही लागावी, अशा जागी त्याने हा शब्द ठेवला आहे. ती कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्याने हसलो होतो. कोशातले ते पान वाचल्यानंतर पुन्हा वाचली, तेव्हा हात मोडून पडलेल्या सुताराच्या भोवती जमलेले गाव मला माझ्या वर्गासारखे दिसले.

पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास दीर्घ ई आखूड झाली, 'सीली'चे 'सिली' झाले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'मूर्ख' हा अर्थ बळावू लागला. शेक्सपिअर नेमका या सांध्यावर लिहीत होता, त्यामुळे त्याच्याकडे दोन्ही सापडतात. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये कारागीर मंडळींचे वेडेवाकडे नाटक पाहून राणी हिपोलिटा हा शब्द वापरते, तो अगदी आजच्या अर्थाने : इतका मूर्खपणा मी कधी ऐकला नाही. पण 'व्हेरोनाचे दोन सज्जन' या नाटकात दरोडेखोर व्हॅलेंटाइनला आपला नायक व्हायला सांगतात, तेव्हा तो अट घालतो की 'सिली' स्त्रियांना आणि गरीब वाटसरूंना कोणी हात लावायचा नाही. इथे 'मूर्ख बायका' असे भाषांतर केले तर त्या भल्या माणसाची अट म्हणजे शिवी होऊन बसेल. तो म्हणतो आहे निराधार, ज्यांच्या हातात शस्त्र नाही अशा स्त्रिया.

आणि मेंढ्या? मेंढ्या मूर्ख असत्या तर हेन्री राजाने त्यांचा हेवा कशाला केला असता? निरुपद्रवी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, राखणाऱ्याच्या भरवशावर जगणारी गरीब जनावरे, हाच तिथला अर्थ. माझा मागच्या बाकावरचा विद्यार्थी बरोबर होता. मी चूक होतो, आणि मी ज्याला शाबासकी दिली तोही चूक होता.

या राजाबद्दल दोन शब्द बोलतो. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर ते शोभतील. खरा हेन्री त्या दिवशी रणांगणावर नव्हताच, तो यॉर्क शहरात होता. मातीच्या उंचवट्यावर त्याला शेक्सपिअरने बसवले. हा माणूस 1422 मध्ये नऊ महिन्यांचा असताना राजा झाला. स्वभावाने भाविक, लढाईला नाखूश, दरबारी कारस्थानांपुढे अगदी दुबळा. त्याच्या हातून फ्रान्स गेला, मग राज्य गेले, आणि 1471 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत त्याचा अंत झाला; खूनच झाला असे मानतात. त्याला हयातीत लोक वेडाखुळा म्हणत. मेल्यावर त्याच लोकांनी त्याच्या कबरीवर नवस बोलायला गर्दी केली. त्याने 1440 मध्ये सत्तर गरीब विद्यार्थ्यांच्या मोफत शिक्षणासाठी ईटनची शाळा काढली, आणि दुसऱ्या वर्षी केंब्रिजचे किंग्ज कॉलेज. त्या दोन्ही संस्था आजही उभ्या आहेत. ईटनमध्ये पुढे श्रीमंतांचीच मुले भरली, ही गोष्ट वेगळी. पण 'सीली' या शब्दाचे सगळे अर्थ, कृपावंतापासून खुळ्यापर्यंत, एकाच माणसाला लावायचे असतील तर मला हा राजा आठवतो.

शेक्सपिअरनंतरही जुना अर्थ लगेच मेला नाही. कवी लोक जुनी नाणी जपून ठेवतात. मिल्टनने 1629 मध्ये, एकविसाव्या वर्षी, हजरत ईसा यांच्या जन्मावर काव्य लिहिले. त्या रात्री कुरणात बसलेल्या मेंढपाळांच्या मनातल्या साध्यासुध्या विचारांना त्याने हेच विशेषण लावले आहे. स्कॉटलंडमध्ये तर शब्द वेगळ्याच वाटेने गेला. रॉबर्ट बर्न्स हा शेतकरी कवी. 1785 मध्ये त्याच्या नांगराखाली एका उंदराचे बीळ मोडले, त्या उंदराला उद्देशून त्याने कविता केली. त्या घरट्याच्या भिंतींना तो 'सिली' म्हणतो. भिंती मूर्ख नसतात. वाऱ्यासरशी ढासळणाऱ्या, दुबळ्या भिंती. त्याच देशाच्या लोककथांत भल्या पऱ्यांच्या दरबाराला 'सीली' दरबार म्हणत आणि दुष्टांच्या दरबाराला 'अनसीली'. आणि 1798 मध्ये कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या काव्यात पाण्यावाचून तडफडणाऱ्या जहाजाच्या डेकवरच्या कोरड्या बादल्यांना हे विशेषण आले आहे. ते वाचून टीकाकार अजून वाद घालतात. कोणी म्हणतो निरुपयोगी, कोणी म्हणतो बापड्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी 'इंग्लंडचा विस्तार' या 1883 च्या पुस्तकाचे कर्ते सर जॉन सीली यांचे नाव ऐकले असेल. ते आडनावही याच घराण्यातले मानतात. एवढीच काय ती निशाणी उरली आहे.

आता आपण विचाराल, चांगला शब्द असा नासला का? माझी समजूत अशी. ज्याच्यावर कृपा आहे तो निष्पाप असणार, असे प्रथम लोकांना वाटले. निष्पाप माणसाला डावपेच येत नाहीत, म्हणून त्याची दया येऊ लागली. दया ही मोठी निसरडी जागा आहे. ज्याची कीव करतो त्याला आपण हळूहळू कमी लेखू लागतो. दुबळा, मग साधा, मग अडाणी, मग मूर्ख. प्रत्येक पायरी लहान, आणि प्रत्येक पायरीवर बोलणाऱ्याला वाटत असते की आपण कालचाच शब्द बोलतो आहोत. शब्दाला यात दोष नाही. माणसे निरुपद्रवी माणसाकडे कसे पाहतात, त्याचा हा जमाखर्च आहे. आपली मराठी काय वेगळे करते? 'भोळा' हा देवाला लावायचा शब्द. त्याला शेपूट लावून आपण 'भोळसट' केला. 'शहाणा' म्हणतानाही आवाज जरा लांबवला की झाली शिवी.

सगळे शब्द खालीच उतरतात असेही नाही. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधल्या 'अजाण' या शब्दातून आला. चौदाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असा होता. अठराव्या शतकापर्यंत तो चढत चढत छान, गोड झाला. म्हणजे एक धन्य होता तो मूर्ख झाला, आणि एक मूर्ख होता तो छान झाला. चॉसर वाचताना आजचा अर्थ धरून चाललात तर दोन्हीकडे फसाल.

पण माझ्या विद्यार्थ्याने वापरलेला शब्द पाहा : 'गरीब'. आपल्या घराघरांतला शब्द. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परमुलखातला, अनोळखी. मायदेशापासून तुटलेल्याला उर्दूत 'गरीबुल-वतन' म्हणतात, त्यात हा अर्थ अजून आहे. परमुलखात एकटा पडलेला माणूस निराधार असतो, त्याच्या गाठीला पैसा नसतो, म्हणून फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत तो निर्धन झाला. आणि मराठीने त्याला आणखी एक पाऊल पुढे नेले : गरीब गाय, स्वभावाने गरीब. लाखो रुपये असलेल्या माणसाबद्दलही आपण म्हणतो, 'फार गरीब हो तो.' म्हणजे कोणाला न दुखावणारा. 'सीली'ने इंग्लंडात जी मधली पायरी गाठली होती, नेमक्या त्याच पायरीवर मराठीतला 'गरीब' आज उभा आहे. त्या मुलाने कोश पाहिला नव्हता. त्याच्याजवळ होती ती फक्त घरची भाषा, आणि तिने त्याला माझ्यापेक्षा जवळ नेऊन सोडले होते. अरबी 'मिस्कीन'चे नशीब मात्र वाईट. तो स्पॅनिश, इटालियन आणि फ्रेंच भाषांत गेला आणि तिथे गरिबाचा झाला कंजूष, कोत्या मनाचा.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजण मला भेटून म्हणतात, "सर, घरात इंग्रजी नाही, आमच्या मुलाचं कसं होणार?" मी आजवर त्यांना काही ना काही धीराचे बोलून वाटेला लावत आलो. हा अनुभव त्यांना कधी सांगितला नव्हता. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक कामाची सूचना. जुने पुस्तक वाचताना ओळखीचा शब्द आला आणि अर्थ कुठेतरी अडला, तर स्वतःला मठ्ठ समजू नका. आधी त्या शब्दाचे वय विचारा. तो मोठा कोश आता मोबाईलवरही उघडतो, मात्र वर्गणी भरावी लागते. आपल्या ग्रंथालयाने ती भरावी, अशी मी अध्यक्षसाहेबांना सर्वांसमक्ष विनंती करतो, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही.

राहिली त्या मुलाची गोष्ट. पंचवीस वर्षांनी, 2004 मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ वाढत होते, दाढी अर्धी पिकलेली. त्यांनी मला ओळखले; मी त्यांना ओळखले नाही. नाव सांगितल्यावर ओळखले. कुवेतला अठरा वर्षे काढून परत आले होते, गावात हार्डवेअरचे दुकान टाकले होते, मुलगी नववीत होती. जेवण झाल्यावर मी त्यांना बाजूला नेले आणि सगळे सांगितले : कोश, सुतार, राजा, मेंढ्या. माफी मागितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "रेशनकार्ड म्हणालात सर तुम्ही. मुलं वर्षभर मला रेशनकार्डच म्हणायची."

मला काय बोलावे सुचेना. शेवटी मी विचारले, "पण तुला तो अर्थ सुचला कसा? तुझ्याजवळ तर कोशही नव्हता."

"कोश कशाला लागतो सर?" ते म्हणाले. "दिवाळी झाली की घाटावरचे धनगर खाली यायचे. आमच्या शेतात मेंढ्या बसवायचे, खतासाठी. मी रात्री त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. पाहिल्या होत्या ना मी मेंढ्या."